विश्वकिरणांचा पत्ता न्यूट्रिनोला विचारूया

विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन, हे आपण पाहिलं. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून वर गेला, तेव्हापासून प्रश्न तोच आहे: हे येतात कुठून? प्रोटॉनवर विद्युतभार असल्यामुळे वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवत राहतात. तो ज्या दिशेनं येतो, तिकडेच त्याचं घर असेल असं नाही.

आधी त्याला एवढी ऊर्जा मिळते कशी ते बघू. एका झटक्यात मिळत नाही. फुटलेल्या ताऱ्याचा किंवा कृष्णविवराजवळून निघालेल्या झोतातला आघात-तरंग घ्या. प्रोटॉन तो ओलांडतो, पलीकडचं विस्कटलेलं चुंबकीय क्षेत्र त्याला परतवतं, तो पुन्हा ओलांडतो. दोन्हीकडचा वायू एकमेकांच्या दिशेनं येत असल्यामुळे दर फेरीला ऊर्जा थोडी वाढते. चक्रवाढ व्याजच म्हणा ना! पण दर फेरीला काही प्रोटॉन निसटतात, म्हणून अफाट ऊर्जेपर्यंत पोचणारे मोजकेच.

कागदावर हे छान जमतं. पुरावा काय? गॅमा किरण दिसले तरी ते इलेक्ट्रॉनही निर्माण करू शकतात. न्यूट्रिनोचं तसं नाही. वेगवान प्रोटॉन प्रकाशकणावर किंवा दुसऱ्या प्रोटॉनवर आदळतो, पायॉन तयार होतो, आणि त्याच्या क्षयातून न्यूट्रिनो निघतो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून तो सरळ येतो. चोर मुद्देमालासकट सापडावा तसं हे.

२२ सप्टेंबर २०१७ ला दक्षिण ध्रुवाच्या बर्फातल्या आइसक्यूबला असा एक न्यूट्रिनो मिळाला. अंदाजे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा. न्यूट्रिनोच्या वाट्याला प्रोटॉनच्या ऊर्जेचा साधारण विसावा भाग येतो. म्हणजे मूळ प्रोटॉन एलएचसीमधल्या प्रोटॉनपेक्षा आठशेपटींहून बलवान! त्या दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार होता, आणि फर्मी दुर्बिणीला तो तेव्हाच भडकलेला दिसला. तरी योगायोगाची शक्यता हजारात एक उरतेच. आमच्या मते तेवढ्यावर निकाल देणं घाईचं आहे.

२०२२ मध्ये एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून सुमारे ७९ जादा न्यूट्रिनो आल्याचं जाहीर झालं. गंमत म्हणजे तिथून तितक्या ऊर्जेचे गॅमा किरण दिसतच नाहीत. ते कृष्णविवराभोवतीच्या दाटीत शोषले जात असावेत. न्यूट्रिनो मात्र बाहेर पडतो.

पण सर्वांत बलवान विश्वकिरण या न्यूट्रिनोंमागच्या प्रोटॉनपेक्षाही हजारो ते लाखो पटींनी बलवान आहेत. ते कुठून येतात, हे या दोन्ही पत्त्यांवरून अजून कळलेलं नाही.