डोळ्यातील दाह, स्टिरॉइड आणि अठ्ठाईचा संकल्प

पर्युषण जवळ आले की तपाचा संकल्प केलेल्या घरांत औषधांच्या डबीकडे दोन मनांनी पाहिले जाते. आठ उपवास करायचे, तर रोज सकाळी न्याहारीनंतर घ्यावयाच्या गोळ्यांचे काय? ‘आता नीट दिसते आहे, आठ दिवस राहू द्या’ असे घरातलेच कोणी म्हणून जाते. डोळ्यातील दाहासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या बाबतीत हा सल्ला घातक ठरू शकतो.

डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराच्या दाहाला युव्हायटिस म्हणतात. त्याचा एक तीव्र प्रकार व्होग्ट-कोयानागी-हराडा या नावाने ओळखला जातो. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. डोकेदुखी होते, कानांत आवाज येतो आणि थोड्याच दिवसांत दोन्ही डोळ्यांची नजर धूसर होते. आशियाई वंशाच्या लोकांत तो तुलनेने अधिक आढळतो.

या आजारात दृष्टिपटलामागील कोरॉइड हा थर सुजतो. निरोगी डोळ्यात त्याची जाडी साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. तीव्र दाहात ती दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते आणि दृष्टिपटलाखाली पाणी साचते. ओसीटी तपासणीच्या २००८ मध्ये पुढे आलेल्या सुधारित पद्धतीमुळे ही जाडी स्पर्शाविना, काही मिनिटांत मोजता येऊ लागली. त्यातून एक मोलाची गोष्ट ध्यानात आली. स्टिरॉइड सुरू होताच पाणी ओसरू लागते, थर पातळ होऊ लागतो, नजर परतते. परंतु औषध घाईने कमी केले तर तोच थर पुन्हा जाड होऊ लागतो, आणि ते रुग्णाला दिसण्यात काही फरक जाणवण्यापूर्वीही घडू शकते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ उतरवावी लागते. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर कोरॉइड उलट झिजतो, त्यातील रंग जातो आणि डोळ्याचा मागचा भाग मावळतीच्या आभाळासारखा तांबूस दिसतो. ती झीज भरून येत नाही.

स्टिरॉइडचीही किंमत मोजावी लागतेच. दीर्घकाळ घेतल्यास भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो, हे १९६० पासून नोंदले गेले आहे. थेंबांमुळे सुमारे तिघांपैकी एकाच्या डोळ्यातील दाब कमी-अधिक वाढतो. वेदना होत नाहीत, आणि दुर्लक्ष झाल्यास काचबिंदू दृष्टी हिरावतो. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून तेच थेंब पुन्हा आणण्याची सवय म्हणूनच सोडावी. दाब मोजल्याशिवाय महिनोन्महिने थेंब चालू ठेवणे योग्य नव्हे.

आता तपाविषयी. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडावरील ग्रंथी स्वतःचे तत्सम संप्रेरक बनविणे मंदावते. गोळ्या एकाएकी बंद केल्या तर ओकाऱ्या, ग्लानी, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होऊन प्राणावरही बेतू शकते. त्यात उपवासाने आलेली निर्जलता भर घालते. मात्र दिवसातून एकदाच मात्रा असेल, तर ती शरीराच्या नैसर्गिक लयीप्रमाणे सकाळीच, अन्नासोबत देतात. त्यामुळे नवकारशीनंतर गोळी आणि सायंकाळी चौविहार हे दोन्ही सहसा जुळते. तत्त्वार्थसूत्रात तपाला शक्तीची मर्यादा सांगितली आहे, आणि बाह्य तपांत उपवासाखेरीज उणोदरी व रसत्यागही आहेत. स्टिरॉइडने रक्तातील साखर चढते व अंगात पाणी धरते; तेव्हा गोड सोडणे आणि मीठ कमी करणे वैद्यालाही मान्य होईल असे तप आहे. संकल्प करण्यापूर्वी, शक्यतो चातुर्मासाच्या आरंभीच, नेत्रतज्ज्ञांना गोळ्यांच्या वेळा विचाराव्यात, आणि रात्री थेंब घालावे लागत असल्यास पच्चक्खाण घेतानाच महाराजसाहेबांच्या कानी घालावे.