साज उतरवण्याचा दिवस

युवक महोत्सवात लोकनृत्याच्या किंवा आदिवासी नृत्याच्या संघाला ८ ते १० मिनिटं मिळतात. मंचावर जास्तीत जास्त १० जण, साथीला ५. मूक अभिनयाला ५ मिनिटं, विडंबनाला १०, एकांकिकेला ३०. भारतीय विश्वविद्यालय महासंघाने आखलेली ही चौकट देशभरातल्या विद्यापीठांनी थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष होतं. त्या निमित्ताने सुरू झालेल्या आंतरविद्यापीठ राष्ट्रीय महोत्सवापर्यंत पोहोचायचं तर महाविद्यालय, विद्यापीठ, विभाग अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि कलावंताचं वय २५च्या आत असावं लागतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली मुलं-मुली त्याच्या ‘ज्ञानतीर्थ’ महोत्सवात उतरतात. भारूड, गोंधळ, पोवाडा, वासुदेव, एकांकिका... महिना-दीड महिना तालमी चालतात आणि महोत्सवाच्या दिवसांत एकाच आवारात कुठे संबळ वाजत असतो, कुठे हलगी.

या साऱ्या चौकटीत शेवटच्या प्रयोगाला मात्र जागा नाही. नाचणारा प्रत्येक संघ पुढच्या पायरीवर डोळा ठेवून नाचतो. निकाल लागतो तो महोत्सवाच्या अखेरीला. आपलं नाव पुकारलं गेलं नाही म्हणजे आपण काल किंवा परवा सकाळी जो नाच केला, तोच शेवटचा होता. हे कळतं तेव्हा तोंडावरचा रंग उतरलेला असतो आणि भाड्याने आणलेले कपडे गाठोड्यात बांधून झालेले असतात. मग सत्र परीक्षा येतात. तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतं, कुणी बी.एड.ला, कुणी घरच्या शेतात. ते १० जण पुन्हा एका मंचावर येत नाहीत. आपण एकत्र शेवटचं नाचतो आहोत हे नाचताना त्यांना ठाऊक नसतं, आणि मला ही गोष्ट फार मोठी वाटते. हरण्याचं दुःख पोरं आठवड्यात विसरतात. निरोप न घेता पांगल्याची रुखरुख मात्र वर्षानुवर्षं राहते. महाविद्यालयात कधी ना कधी मंचावर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारून पाहावं.

किनवटबद्दल लिहायचं ते याचसाठी. नांदेडहून सुमारे १४० किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या या तालुक्यात तरुणांच्या एका नृत्यसंघाचा शेवटचा दिवस पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. तो संघ म्हणजे दंडारी, आणि तो दिवस म्हणजे कोलाबोडी.

किनवटच्या इतिहासाकडे एकदा पाहायला हवं, नाहीतर दंडारी इथे कशी हा प्रश्न पडतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट तालुका, बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ आणि राजुरा तालुका आदिलाबादमधून काढून तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडले गेले. सरहद्दीची रेघ नव्याने ओढली गेली, पण गोंड आणि कोलाम गुड्यांची, म्हणजे वस्त्यांची, सोयरीक त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तशीच राहिली. आजही किनवटच्या माणसाला आदिलाबाद जवळ आणि नांदेड लांब. दंडारीचा मुलूखही तोच आहे: आदिलाबाद, आसिफाबाद, किनवट, माहूर, यवतमाळचा दक्षिण भाग, राजुरा, जिवती.

दंडारी २० ते ४० जणांची असते. सगळे पुरुष, बहुतेक तरुण. हातात टिपऱ्या. काही पोरं लुगडं नेसून बायांची सोंगं घेतात. त्यांच्यासोबत दोन ते पाच गुसाडी असतात, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळतात. डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप, त्याला शिंगं, लावलेल्या दाढीमिशा, खांद्यावरून कातडं, गळ्यात माळा, उघड्या अंगाला राख, हातात सोटा. डफ, तुडूम, पेपरे, कालिकोम ही वाद्यं. साजाची आणि वाद्यांची पूजा झाली की कोजागिरीच्या आगेमागे दंडारी गाव सोडते आणि दिवाळीपर्यंत गावोगाव फिरते. त्याआधी अनेक संघ गोदावरीकाठी गुडिरेवूला पद्मालपुरी काकोच्या दर्शनाला जातात. काको म्हणजे आजी. ते ठिकाण आता तेलंगणात, मंचेरियाल जिल्ह्यात आहे, पण महाराष्ट्रातली माणसंही तिथे जातात.

दंडारी कुठेही वाट्टेल तशी जात नाही. जिथे सोयरीक आहे किंवा होऊ शकते अशा गावी ती पाहुणी म्हणून जाते. यजमान गाव तिचं स्वागत करतं, जेवू घालतं, रात्र जागवतं. बाया-माणसं फेर धरून ढेमसा नाचतात. गुसाडी हसवतात, घाबरवतात, लहान पोरांच्या मागे धावतात. वडीलधारी एकीकडे बसून कुणाचा पोरगा, कुणाची पोरगी याचा अंदाज घेतात. कित्येक लग्नं इथेच ठरतात. सकाळी पाहुणे पुढच्या गावाला लागतात. आज ना उद्या यजमान गावाची दंडारीही परतभेटीला येणार, हे दोघांना ठाऊक असतं. म्हणून या नाचाला प्रेक्षक नसतात. असतात ते यजमान.

या सगळ्या काळात गुसाडी व्रतस्थ असतो. अंगावरची राख राहते, अंघोळ नाही. दिवाळी सरली की, गावोगावचा दिवस थोडा मागेपुढे, दंडारी आपल्या गावी परतते आणि कोलाबोडी होते. गावाबाहेर झाडाखाली सगळे जमतात. देवारी, म्हणजे गावचा पुजारी, पूजा करतो, कोंबडं-बकरं देवाला जातं. शेवटचा नाच होतो. मग टोप उतरतात, माळा उतरतात, टिपऱ्या ठेवल्या जातात, राख धुतली जाते. काल ज्याच्या पायाशी लोक वाकत होते, तो पुन्हा कुणाचा तरी मुलगा, कुणाचा भाऊ होऊन गावात शिरतो.

माझ्या मते दंडारीचं खरं शहाणपण या शेवटात आहे. मोरपिसांचे फोटो सगळेच काढतात, वर्तमानपत्रं छापतात. कोलाबोडीचे फोटो क्वचित दिसतात, कारण त्या दिवशी पाहण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त असतं. या पोरांना कोजागिरीच्या रात्री माहीत असतं की आपण अमुक दिवशी थांबणार. त्यामुळे शेवटच्या नाचात जीव ओतायचा की नाही, हे परीक्षकांच्या यादीवर ठरत नाही. पुढल्या वर्षी दंडारी असेलच, पण हीच माणसं असतील असं नाही. एकाचं लग्न होईल, एक हैदराबादला कामाला जाईल, एखादा म्हातारा वादक उरणार नाही. हे मनात ठेवूनच टिपऱ्या खाली ठेवल्या जातात.

तरुणांच्या समूहाला रीतसर संपवण्याची ही समज गोंडांत इतरत्रही दिसते. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनने १९४७ साली बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर, म्हणजे युवागृहावर, मोठा ग्रंथ लिहिला. तिथे लग्न झालं की घोटुल सोडावं लागे. आदिलाबादच्या राजगोंडांत घोटुल नाही, पण तरुणपणाला आपलं एक वर्तुळ हवं आणि त्यातून बाहेर पडण्याची वेळही समाजाने ठरवून द्यावी, ही समज दोन्हीकडे सारखी आहे.

किनवटच्या या भागाचं वर्णन ज्याने पहिल्यांदा बारकाईने केलं, तो ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. १९४० साली आदिलाबाद जिल्ह्यातल्या जोडेघाटला गोंड नेते कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जमिनीचा, जंगलाचा तो लढा होता. हादरलेल्या निजाम सरकारने हायमेनडॉर्फला या जिल्ह्यात पाठवलं. तो मारलवाई या गावी गोंडांमध्ये राहिला, आणि १९४८ साली राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ आला, ज्यात मिथकं आणि विधी विस्ताराने नोंदलेले आहेत. इथे मला त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४३ साली मारलवाईला गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्र सुरू झालं आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत तयार झाली. तेव्हा किनवट त्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे या मुलखातला गोंड विद्यार्थी आणि या मुलखातली दंडारी यांची गाठ त्याच काळापासून आहे.

याच मारलवाईचे कनकराजू. गुसाडीचा नाच त्यांनी गावाबाहेर, राज्याबाहेर नेला, तरुणांना शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, दंडारीच्याच दिवसांत, ते गेले. मंचावर गेलेली गुसाडी आणि गावातली गुसाडी एक नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. मंचावर यजमान नसतो, रात्र नसते, परतभेट नसते. १० मिनिटांत फेर धरून बाहेर पडायचं. पण त्याच मंचामुळे किनवटच्या, माहूरच्या मुलाला आपला नाच लपवावा लागत नाही. वसतिगृहात ‘जंगली’ म्हणून हिणवलेल्या पोराने त्याच टोपासह टाळ्या घेणं ही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार मंचाविरुद्ध नाही. मंचाने दंडारीचा साज घेतला, चाल घेतली, वाद्यं घेतली. शेवट तेवढा घेतला नाही.

आज दंडारीत नाचणारी कितीतरी पोरं आश्रमशाळेत, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात किंवा किनवटच्या महाविद्यालयांत शिकतात. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयच आहे. सणाचे दिवस म्हणजे यांची सुट्टी. महोत्सवातला नाच करून आलेला मुलगा पंधरा दिवसांत गावच्या दंडारीतही असू शकतो. एकाच हंगामात त्याचे दोन संघ मोडतात. एक निकालाने मोडतो, दुसरा रीतीने.

मोडण्याला रीत नसली तरी त्यातून नवं काही उभं राहू शकतं, याचं मोठं उदाहरण पुण्याचं आहे. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी झाला. १९ प्रयोगांनंतर पीडीए या नाट्यसंस्थेने ते थांबवलं. त्यातली बरीच मंडळी महाविद्यालयीन नाटकांतून घडलेली होती. त्यांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि तेच नाटक १९८० साली युरोपात नेलं. पण तिथे जब्बार पटेल, मोहन आगाशे अशी माणसं होती, पुण्यासारखं शहर होतं, पुन्हा जमायला जागा होती. किनवटच्या संघाला ती सोय नाही. तिथे पांगलेला संघ पांगलेलाच राहतो.

मुलींच्या बाबतीत हे अधिक टोचतं. दंडारीत मुली फिरत नाहीत, ढेमसाच्या फेरात मात्र असतात. महाविद्यालयाच्या संघात त्या बरोबरीने असतात, पुष्कळदा संघ त्यांच्याच बळावर उभा राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत, २० ते २४ वर्षं वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. नांदेडच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या परभणीत ते ४८ टक्के होतं. पदवीपर्यंत पोहोचलेली मुलगी ही या आकड्यांतून वाट काढून आलेली असते. घरच्यांची समजूत घालून, रात्रीच्या तालमींची परवानगी मिळवून ती मंचावर उभी राहते. मुलाला पुढे गावची दंडारी असते, भजनी मंडळ असतं, गणपतीपुढचा नाच असतो. तिच्यासाठी महोत्सवातली ती १० मिनिटं अनेकदा आयुष्यातली मंचावरची शेवटची मिनिटं असतात. तो नाच शेवटचा आहे हे जाणून करण्याचा हक्क निदान तिला असावा.

कोलाबोडीची नक्कल महाविद्यालयात करावी असं मी म्हणत नाही. तो देवाचा विधी आहे, त्याचा देवारी आहे, त्याची जागा गावाबाहेरच्या झाडाखालीच आहे. घ्यायची ती ठरलेली तारीख. जूनमध्ये शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक लागतं तेव्हाच त्यात संघाच्या अखेरच्या प्रयोगाचा दिवस छापला जावा. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, मिनिटांचं बंधन नको. प्रयोग आपल्याच पटांगणात व्हावा आणि समोर त्या मुलांचे आईवडील असावेत, कारण नांदेडला किंवा लातूरला महोत्सव पाहायला जाणं त्यांना परवडत नाही. जिथे दंडारीचा संघ असेल तिथे ज्या गुड्याकडून नाच शिकला त्या गुड्याला पाहुणे म्हणून बोलवावं, आणि जेवण द्यावं. नाच संपल्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ढोल, टिपऱ्या, हलगी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती द्यावी. वाद्यं महाविद्यालयाची असतील तर त्यांची नोंदवही त्याच दिवशी नव्या संघाकडे जावी. एकांकिकेच्या संघाने संहितेची प्रत, नेपथ्याचा आराखडा, प्रकाशयोजनेचा कागद ठेवून जावं. दरवर्षी नव्या मुलांना कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागते ती यामुळे टळेल. खर्च म्हणाल तर एका मंडपाचा आणि शे-दोनशे माणसांच्या जेवणाचा. महोत्सव तोवर संपलेला असतो, परीक्षा दूर असतात आणि शेतातली कामंही थोडी हलकी झालेली असतात, म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा त्याला सोयीचा पडेल.