गोळी कोणती, हे भिंत ठरवते

   उज्जैनहून इंदूरमार्गे दक्षिणेला साधारण ऐंशी किलोमीटरवर महू. तिथे १९९३ मध्ये लष्कराचं आर्मी मार्क्समनशिप युनिट उभं राहिलं आणि मालव्याचं नाव नेमबाजीच्या नकाशावर आलं. लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार याच युनिटचा. पलीकडच्या निमाडात, खरगोन जिल्ह्यात, ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर वाढला. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तो, अखिल श्योराण आणि कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे या तिघांनी ५० मीटर थ्री पोझिशनचं सांघिक सुवर्ण १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह जिंकलं. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कुसाळेने याच प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य आणलं.

असं पदक आलं की आईबाप मुलाचा हात धरून रेंजवर जातात. आणि रेंज म्हणजे बहुतेक वेळा एखादा बंदिस्त हॉल, कारण दहा मीटरच्या एअर रायफलला त्याहून जास्त जागा लागत नाही. तिथल्या भिंतीवर नियमांचा फलक असतो. ‘बाहेरची गोळी आणू नये’ ही ओळ वाचून अनेकांना वाटतं, यांना स्वतःचा माल खपवायचा आहे. क्वचित तसं असेलही. पण गोळीवरच्या बंधनाचं मूळ कारण दुकानदारी नव्हे. बंदिस्त रेंज ठरावीक ताकदीच्या गोळीसाठी बांधलेली असते. त्या बांधकामाला जे झेपत नाही, ते तिथे डागायचं नसतं.

मावळणकर ते वरळी

या खेळाची देशपातळीवरची घडी बसवण्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी असलेली मावळणकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या वरळीच्या रेंजने पिढ्या घडवल्या. कीर्ती कॉलेजात एनसीसीची छात्र असलेली अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली. २००४ मध्ये अथेन्सला सुमा शिरूर पोहोचली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना हा खेळ खुला झाला तो एअर रायफलमुळे. तिला परवान्याची कटकट नाही, मोठं मैदान नको, आवाजही बेताचा.

ज्यूलचा हिशेब

एअर रायफलचा छर्रा हातात घेऊन पाहा. वजन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर, व्यास ४.५ मिलिमीटर, कंबर बारीक आणि तोंड सपाट. तोंड सपाट अशासाठी, की कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावं. गुण मोजायला तेच सोयीचं. दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो! हा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो, म्हणजे त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल. पॉइंट २२ रायफलची गोळी २.६ ग्रॅमची, तिची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची पाचशेच्या आसपास, आणि लष्करी ७.६२ रायफलची तीन हजारांच्या वर.

छर्रे अडवायला केलेल्या पेटीवर पॉइंट २२ मारली, तर वीसपट जोर बसतो. उघड्या मैदानात पॉइंट २२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून तिथे मातीचा उंच बांध आणि मागे मोकळा धोक्याचा पट्टा राखतात. हॉलमध्ये पट्टा कुठून आणणार? तिथे सगळी भिस्त मागे गोळी अडवणार्‍या बुलेट ट्रॅपवर. तिरप्या पोलादी पत्र्यावर मऊ शिसं आदळलं की चेपतं आणि खाली घरंगळतं. गोळीत पोलादी गाभा असेल तर ती पत्रा खरवडते, ठिणगी उडवते किंवा उलट फिरते. म्हणून कित्येक देशांतल्या रेंजवर बाहेरून आणलेल्या काडतुसाला आधी लोहचुंबक लावून बघतात. चिकटलं की परत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियमही हेच सांगतो: गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी.

ठिणगी इतकी का जपायची? १४ नोव्हेंबर २००९ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात एका बंदिस्त रेंजला आग लागली. १५ जण गेले, त्यातले बहुतेक जपानी पर्यटक. रेंजमध्ये साठून राहिलेल्या न जळलेल्या दारूच्या कणांनी पेट घेतला होता. गोळी सुटते तेव्हा सगळी दारू जळत नाही. उरलेली भुकटी जमिनीवर, कोपर्‍यात, आवाज शोषणार्‍या फोममध्ये बसते. त्यामुळे काडतुसांच्या रेंजवर साफसफाई हा सुरक्षेचाच भाग.

लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड

रेंजवर हुकूम एकाचाच चालतो, रेंज ऑफिसरचा. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, ‘स्टार्ट’शिवाय डागायचं नाही, ‘स्टॉप’ ऐकताच बोट चापावरून बाजूला. नळी सदैव लक्ष्याकडे. पुढे माणूस गेला असेल तर बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही, रिकामी असली तरी. डागायचं नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग. एअर रायफलमध्ये ती नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवी, म्हणजे आत छर्रा अडकलेला नाही हे लांबूनही कळतं. काडतूस फुसकं गेलं तर नळी समोर धरून थांबायचं, दुसरा हात वर करायचा. उशिरा उडणारं काडतूस ही ऐकीव गोष्ट नाही.

एअर रायफलचा सिलिंडर मात्र बरेच जण विसरतात. त्यात २०० बार दाबाची हवा असते. मोटारीच्या टायरात दोन-अडीच. उत्पादक त्यावर तारीख कोरतात आणि आयुष्य सहसा दहा वर्षांचं देतात. तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. घरीही चालवू नये.

शिशाची हवा

पॉइंट २२ च्या काडतुसात गोळी शिशाची, आणि पेट देणार्‍या स्फोटकातही शिशाचं संयुग. दर बारासरशी बारीक धूर नाकासमोर येतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने एप्रिल २००९ मध्ये बंदिस्त रेंजसाठी खास इशारा काढला, तो शिसं आणि आवाज या दोन्हींबद्दल. हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे सरळ वाहायला हवी, भोवरा न करता. नुसता एसी लावला म्हणजे हवा खेळती झाली असं नाही. तो तीच हवा फिरवतो. केरसुणी चालवायची नाही, धूळ उडते; ओल्या फडक्याने पुसायचं. आत खाणंपिणं बंद, बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. छर्‍यांच्या रेंजलाही हात धुण्यातून सुटका नाही; काही मुलं छर्रे तोंडात धरतात, ती सवय पहिल्या दिवशी मोडावी. काडतुसाचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, बंद खोलीत तो घुमतोही. कानांवर मफ हवेतच.

कायदा

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात की लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला सरावाच्या पॉइंट २२ रायफलीबाबत सवलत राहिली. याच दुरुस्तीने लग्नावरातीत हवेत बार काढणार्‍याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. काडतुसांचा हिशेब मात्र क्लबला चोख ठेवावा लागतो. किती दिली, किती डागली, किती परत आली, हे वहीत जुळलं पाहिजे. बाहेरचं काडतूस आत आलं की तो हिशेब पहिल्याच दिवशी बिघडतो.

तेव्हा मुलाचं नाव घालण्याआधी प्रशिक्षकाच्या पदकांची यादी जरा बाजूला ठेवा आणि चार गोष्टी विचारा. ट्रॅप कोणत्या गोळीसाठी बांधला आहे? हवा कुठून येते, कुठे जाते? सिलिंडरवरची तारीख काय? मुलं डागत असताना हुकूम कोण देतं? चांगली रेंज या प्रश्नांनी खूश होते आणि आत नेऊन दाखवते. जिथे ‘काही होत नाही हो’ एवढंच उत्तर मिळेल, तिथून मुलाला घेऊन परत या.