आधी औषधाचा वाटा, मग मालाचा

आजारपणामुळे कारखान्याची पाळी झेपेनाशी झालेले अनेक बंधू तारापूर-बोईसर पट्ट्यात भेटतात. मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा कंबरेचे दुखणे. हाती फंडाचे व ग्रॅच्युइटीचे थोडे पैसे येतात आणि शिरगाव, सातपाटी किंवा पालघरात छोटे दुकान टाकण्याचा विचार सुरू होतो. विचार नेक आहे. परंतु सगळी पुंजी मालात गुंतते आणि दोन महिन्यांत इस्पितळाची पाळी आली की तोच माल पडेल भावाने विकावा लागतो. आजाराने माणूस खचतो, घाईने धंदा बुडतो.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एका गरजू अन्सारी सहाबींचा प्रसंग आहे. त्यांच्या घरची चादर व वाडगा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी लिलावात दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे धान्य घरी देण्यास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली. पंधरा दिवसांत त्या सहाबींनी लाकडे विकून दहा दिरहम कमावले. यात व्यापाराचा मोठा धडा आहे : पहिला दिरहम घराचा, दुसरा अवजाराचा. आजारी माणसाने यात औषधाचा तिसरा वाटा जोडावा.

पुंजीची वाटणी

समजा, हाती १ लाख रुपये आहेत. घरखर्च महिना १२ हजार धरला तर तीन महिन्यांचे ३६ हजार बाजूला ठेवा. औषधाचे महिना २ हजार धरून सहा महिन्यांचे १२ हजार वेगळे काढा. मांडणी व किरकोळ सामानास ७ हजार. पहिला माल फक्त ३० हजारांचा घ्या. उरलेले १५ हजार दुसऱ्या खरेदीसाठी राखा. कोणता माल खपतो हे पहिल्या खरेदीनंतरच कळते. आकडे आपल्या घराप्रमाणे बदला, क्रम बदलू नका.

माल कोणता?

आठ दिवस दुकान बंद राहिले तरी खराब होणार नाही असा. कापडात अस्तर, फॉल, परकर, मॅचिंग ब्लाउजपीस, टॉवेल, लुंगी, टोप्या, रुमाल हा माल हलका असतो आणि घरातल्या खोलीतूनही विकता येतो. जड ताके उचलावे लागत नाहीत. फॅशनचा भारी माल टाळा. हंगाम गेला की तो पडून राहतो. भिवंडी किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटची खेप महिन्यातून एकदाच करा. न खपलेला माल बदलून देणारा व्यापारी दोन रुपये महाग असला तरी परवडतो. विक्री शक्यतो रोखीने करा. उधारी वसूल करायला पायात जोर लागतो.

रमजान हा आपला मोठा हंगाम. परंतु रात्री उशिरापर्यंतची दुकानदारी आजारी शरीराला जड जाते. रोजा व औषधांबाबत डॉक्टरांना आधीच विचारा. शरीअतने आजारी माणसाला सवलत दिली आहे. रात्रीच्या गल्ल्यावर मुलाला किंवा पुतण्याला बसवा.

भागीदारी आणि वही

शरीर साथ देत नसेल तर मुदारबतचा मार्ग आहे. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची. नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा. धंद्यात तोटा आला तर तो भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. व्याजाची गरज पडत नाही. मात्र नाते कितीही जवळचे असो, अटी साक्षीदारांसमोर लिहून ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहमध्येच आहे. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, माल कोठून येतो हे सारे वहीत असावे. आपण इस्पितळात असताना पत्नीला किंवा मुलाला ती वही वाचून दुकान चालवता आले पाहिजे.

सरकारी आधार

नोकरी सोडण्यापूर्वी ईएसआय कार्यालयात चौकशी करा. नोकरी सुटल्यावर तो आधार कायम राहत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ते इस्पितळातील उपचारांचे; रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. त्यासाठी जनऔषधी दुकानात भाव विचारा. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. धंद्याची उद्यम नोंदणी आधार कार्डावर विनामूल्य होते.

धंदा लहान असणे ऐब नाही. गल्ल्यातून औषधाचा वाटा रोज वेगळा निघत असेल तर धंदा नीट चालला आहे असे समजावे. तो निघेनासा झाला की नवा माल भरणे थांबवा आणि आधी हिशेब पाहा. रोजी देणारा अल्लाह आहे. पुंजी सांभाळण्याची जबाबदारी त्याने आपल्यावर सोपवली आहे.