दोन जोड कपडे आणि पायात काहीतरी

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने दिलेल्या पॅकेजचा आकडा एव्हाना साऱ्यांना पाठ झाला आहे. ७ ऑक्टोबरला जाहीर झालेले ३१,६२८ कोटी. त्यात दुधाळ जनावर गेले असेल तर ३७,५०० रुपये, गाळाने भरलेल्या विहिरीला ३० हजार, खरवडून गेलेल्या जमिनीचा हिशेब वेगळा. या आकड्यांवर चावडीपासून मंत्रालयापर्यंत काथ्याकूट झाला आणि तो व्हायलाच हवा होता. एका ओळीकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांनुसार, घर पडलेल्या किंवा पाण्याखाली गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये मिळतात, भांड्याकुंड्यांसाठी आणखी २,५००. घरात पाच माणसे धरली तर कपड्यांचे माणशी पाचशे. अंगात घालायचे, अंथरायचे, पांघरायचे, सगळे त्यात बसवायचे.

या ओळीबद्दल बोलण्याचा अधिकार कोणत्या गावाला असेल तर तो सोलापूरला. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी यंत्रमाग थांबले नाहीत. इथल्या सुती जेकार्ड चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तयार कपड्यांच्या, विशेषतः गणवेशांच्या धंद्यातही शहराने जम बसवला आहे. रेडीमेड कापड उत्पादकांच्या संघाने २०१७ मध्ये गणवेशांचे पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हापासून परराज्यांतले खरेदीदार सोलापूरचा पत्ता विचारत येतात.

आता नकाशा पाहा. सोलापूरच्या सात रस्ता चौकातून विजापूर रोडला लागले की शहर संपताच हत्तूर, आणि पुढे वडकबाळला सीना नदीचा पूल. सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात हा महामार्ग पुराच्या पाण्यामुळे बंद झाला. पुण्याच्या बाजूला लांबोटीजवळही तेच झाले. माढ्यात दारफळसारख्या गावांतून माणसे बोटींनी काढावी लागली. चादरी विणणारे शहर अलीकडे, भिजलेली गावे पलीकडे, आणि मधे पाणी. ज्या दोन-तीन दिवसांत अंगावरचा कोरडा कपडा सर्वांत मोलाचा असतो, नेमके त्याच दिवसांत शहरातला माल गावापर्यंत पोचत नाही. म्हणून साठा गोदामात असून भागत नाही. तो गावात असावा लागतो, आणि त्याहून बरे म्हणजे घरात.

पायांची गोष्ट त्याहून वाईट. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या असतात. पाणी रात्री दारात आले की घरातली सर्वांत पहिली वस्तू वाहून जाते ती चप्पल. नंतर माणसे अनवाणीच जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत येतात आणि पाणी ओसरल्यावर अनवाणीच घर उपसायला जातात. त्या गाळात फुटक्या काचा असतात, उचकटलेले पत्रे असतात, बाभळीचे काटे असतात, विंचू-साप असतात. दोन दिवस ओल्या पायांनी काम केले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चिरलेल्या त्वचेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली आहे. मदतीच्या ट्रकमध्ये तांदूळ असतो, पाण्याच्या बाटल्या असतात, साड्या असतात. मापाचे पायताण क्वचितच असते.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीने हे भूकंपातही दाखवले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवरच कोसळल्या, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, जखमींना सोलापूरच्या सिव्हिलमध्ये आणले गेले. जे बाहेर पडू शकले ते झोपेतल्या कपड्यांत आणि अनवाणी. पुढच्या दिवसांत पाऊसही आला. जपानमध्ये कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर पलंगाशेजारी मजबूत बूट ठेवायचा सल्ला घरोघरी दिला जातो, कारण काचांनी पाय कापल्याच्या जखमा तिथे फार झाल्या. आपल्याकडे असा सल्ला क्वचितच ऐकू येतो.

आपत्ती आली की आपण काय करतो? कपाट उघडतो आणि जुने कपडे देतो. भावना खरी असते, यात शंका नाही. परिणाम मात्र बहुतेक वेळा वाया जातो, आणि हे सर्वांत स्पष्टपणे मांडणारा माणूस म्हणजे ‘गूंज’ या संस्थेचे अंशू गुप्ता. १९९१ मध्ये उत्तरकाशीच्या भूकंपानंतर ते विद्यार्थी म्हणून तिथे गेले होते. थंडीत अंगावर तागाचे पोते घालून फिरणारा माणूस त्यांनी तिथे पाहिला. अन्न, वस्त्र, निवारा असे आपण म्हणतो खरे, पण विकासाच्या योजनांत अन्न येते, निवारा येतो, मधले वस्त्र गळते, हा त्यांचा मुद्दा तेव्हापासूनचा. १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून त्यांनी काम सुरू केले. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्सुनामीनंतर २००५ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. कोळ्यांच्या वस्तीत दुसऱ्याची वापरलेली जीन्स कोण घालणार? ‘गूंज’ने ते लाखो कपडे ताब्यात घेतले, निवडले, धुतले, शिवले. चांगले ते मापानुसार वेगळे केले, फाटके ते गोधड्यांना वापरले, सुती चिंध्यांतून मासिक पाळीसाठी घड्या केल्या. गुप्तांचा दुसरा आग्रह असा की कपडा भीक म्हणून द्यायचा नाही. गाव मिळून विहीर साफ करते, रस्ता दुरुस्त करते आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडा घेते. ही दृष्टी आपल्या मदत फेऱ्यांत शिरली तर ढिगाऱ्यातून साडी ओढणारे हात आपल्याला पाहावे लागणार नाहीत. त्याच त्सुनामीत इंडोनेशियात बांदा आचेला पोचलेले कपड्यांचे डोंगर पावसात कुजले आणि शेवटी जाळावे लागले. मदतीचा कपडा मापाचा, हवामानाचा आणि चालीरीतीचा नसेल तर तो मदत राहत नाही, आणखी एक काम होऊन बसतो.

मग किती कपडे हवेत? मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय ‘स्फिअर’ मानकांत याचे साधे उत्तर आहे: माणशी किमान दोन पूर्ण जोड, योग्य मापाचे, ऋतूला आणि संस्कृतीला साजेसे. दोनच का, तर एक अंगावर आणि एक दोरीवर. असे जोड एका पेटीत बाजूला काढून ठेवणे सीनाकाठच्या बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे, आणि दिवाळीची खरेदी ही ते मनावर घेण्याची वेळ.

हे जोड कोणत्या कापडाचे असावेत यावर सोलापूरकडे तयार उत्तर आहे: गणवेशाचे कापड. शाळेचा गणवेश आठवड्याचे सहा दिवस मार खातो. बाकावर घासतो, मैदानात लोळतो, दगडावर आपटून धुतला जातो आणि सकाळपर्यंत वाळावा लागतो. म्हणूनच त्यात बहुधा पॉलिस्टर-व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर-कॉटनचे मिश्रण असते. पॉलिस्टर झिजत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही. सोबतचा सुती किंवा व्हिस्कोसचा धागा घाम टिपतो. पँटीला तिरप्या विणीचे, ट्विलचे कापड असेल तर ते गुडघ्यावर लवकर विरत नाही. घेताना कपडा उलटा करून पाहावा. मांडीच्या जोडावर दुहेरी शिलाई आहे का, खिशाच्या टोकांना आडवे पक्के टाके आहेत का, आत बोटभर दाब ठेवला आहे का. मुलांसाठी ‘वाढत्या अंगाचा’ कपडा घेण्याची आपल्या घरांतली जुनी रीत इथे अगदी योग्य आहे.

दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे इलॅस्टिक. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. पेटीत पडून असलेल्या चड्डीचे इलॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत मरते. नाडी मरत नाही. दुसरी, चुलीजवळ राबणाऱ्याच्या अंगात निखळ पॉलिस्टर. ते पेटले की वितळून कातडीला चिकटते. तिथे सुतीच हवे. पाण्यातून चालताना साडी पायांत गुंतते, म्हणून तरुण बायकांच्या वाट्याला सलवार-कमीज बरी. पण जन्मभर इरकल नेसलेल्या आजीला सलवार देऊन चालणार नाही. तिच्यासाठी दोन सुती लुगडी आणि मापाची पोलकीच ठेवायला हवीत.

पांघरुणाचे काय? सोलापुरी चादर वर्षानुवर्षे टिकते, पण सुती असल्याने भिजली की जड होते आणि वाळायला वेळ घेते. वाकळीचे तर विचारूच नये. इथे घोंगडी सरस आहे. दख्खनी मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही ऊब देत राहते, आणि चिंचोक्याची खळ दिलेल्या दाट घोंगडीवरून पावसाचे पाणी बराच वेळ ओघळून जाते. मेंढपाळ पावसात ती डोक्यावरून घेतात ते उगाच नाही.

बुटांच्या बाबतीत मात्र साठवण करणाऱ्यांची हमखास फसगत होते. चांगला महागाचा बूट घेऊन, कागदात गुंडाळून पाच-सहा वर्षे ठेवावा आणि गरजेच्या दिवशी पायात घालावा, तर चार पावलांत तळ चुरा होऊन गळतो. यात दुकानदाराची लबाडी नसते. हलक्या, मऊ तळांसाठी वापरले जाणारे पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होते, बूट वापरा अगर न वापरा. म्हणून साठ्यासाठी रबरी तळ पाहावा, आणि चिकटवलेल्यापेक्षा शिवलेला. गाळ उपसायला गुडघ्यापर्यंतचे पीव्हीसी गमबूट घरात निदान दोन जोड हवेत. औद्योगिक वापराच्या अशा बुटांसाठी आयएस १२२५४ हे भारतीय मानक आहे, ते तळाशी छापलेले पाहावे. ते दुमडून ठेवले तर घडीवरच तडकतात. आत कागद भरून, उभे, अंधारात ठेवावेत. कोल्हापुरी चप्पल, जिच्या मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, ती कोरड्या जमिनीची राणी; वनस्पतीजन्य रसायनांनी कमावलेले तिचे चामडे पाण्यात फुगते. टायरच्या तळाची वहाण दिसायला ओबडधोबड, पण उसाच्या फडात वर्षानुवर्षे तीच टिकते. पेटीत ती जरूर असावी.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक नव्हे. ट्रंकेत पाणी शिरते आणि गंजाचे डाग कपड्यावर कायमचे राहतात. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे बॅरल उत्तम. ठेवायचे कुठे, याचे उत्तर २०२५ च्या पुरात भिंतींनीच दिले: पाण्याची रेघ जिथे उमटली, तिच्या वर फळी मारावी. कपडे ठेवताना कांजी करू नये, त्यावर कसर आणि झुरळे येतात. कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच भरावेत, नाहीतर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळांच्या कपड्यांत घालू नयेत. नॅप्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दरवर्षी मृगाआधी एकदा पेटी उघडावी, ऊन दाखवावे, घड्या बदलाव्यात आणि पोरांचे माप पाहावे.

पण ज्यांना रोजचाच कपडा परवडत नाही त्यांनी बाजूला काय ठेवायचे? इथून पुढची जबाबदारी सरकारची आहे, आणि सरकारला ती नवी नाही. १८९७ च्या दुष्काळात उभारलेल्या भारतीय दुष्काळ धर्मादाय निधीच्या पहिल्याच उद्देशात वृद्ध, आजारी आणि मुलांसाठी अन्नाबरोबर वस्त्राचा उल्लेख होता. त्या काळात सोलापूरच्या विणकरांना खडी फोडायला न पाठवता त्यांच्या मागावरच काम देण्याचा मार्गही वापरला गेला. विणकराला मजुरी मिळाली आणि कापडही तयार झाले. यंत्रमागाच्या मंदीत आज हाच मार्ग पुन्हा धरता येईल. अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजना राज्यात यंत्रमाग महामंडळामार्फत चालते, म्हणजे लाखो नगांची खरेदी आणि गावपातळीवरचे वाटप यांची यंत्रणा हातात आहे. त्याच खरेदीत चादरी, टॉवेल आणि मापवार कपडे घेऊन सीना-भीमेकाठच्या गावांतल्या उंचावरच्या शाळांत ठेवायला काय हरकत आहे?

एक सावधगिरी हवी. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत २०२४-२५ मध्ये कापड आणि शिलाई वरून ठरवली गेली. मापे चुकली, शाळा सुरू होऊन कित्येक महिने गणवेश आले नाहीत, आणि वर्ष संपण्याआधी अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. मुंबईत बसून वडकबाळच्या पोराच्या कमरेचे माप घेता येत नाही. राखीव साठाही शाळा समितीनेच ठरवावा, तालुक्याच्या शिंप्याकडून शिवून घ्यावा, आणि जूनमध्ये शाळा उघडली की वर्षभर न लागलेले गणवेश आणि बूट गरजू मुलांना वाटून त्यांच्या जागी नव्या मापाचे भरावेत. असे केल्यास रबर सडत नाही, मापे जुनी होत नाहीत, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे गावातल्या प्रत्येक आईला ठाऊक राहते.