गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च (मोटारगाडी)

मोटारगाडीतील गिअरबॉक्स निकामी झाल्यास तो दुरुस्त करण्यासाठी किंवा त्याच्या जागी दुसरा बसविण्यासाठी येणाऱ्या एकूण खर्चाला सर्वसाधारणपणे गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च असे म्हटले जाते. या खर्चात सुट्या भागांची किंमत, मजुरी, तेल, कर आणि आवश्यक तेथे संगणकीय जुळणी यांचा समावेश होतो. इंजिनाखालोखाल गिअरबॉक्स हा पेट्रोल वा डिझेल गाडीतील सर्वांत महागडा यांत्रिक भाग मानला जातो. गाडी जुनी असल्यास हा खर्च तिच्या बाजारमूल्याच्या जवळ पोहोचू शकतो. त्यामुळे दुरुस्ती करावी, बदल करावा की गाडीच विकावी, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील परिस्थितीचा विचार केला आहे.

कार्य व प्रकार

इंजिनाचा फिरण्याचा वेग आणि चाकांना लागणारा वेग व जोर यांचा मेळ घालणे हे गिअरबॉक्सचे काम होय. चढावर कमी वेग व जास्त जोर लागतो, तर सपाट रस्त्यावर याच्या उलट. दातेरी चक्रांच्या वेगवेगळ्या जोड्या वापरून हा फरक साधला जातो. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच कवचात असतात. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या जुन्या गाड्यांत ते वेगळे असून लांब प्रोपेलर शाफ्टने जोडलेले असत.

खर्चाच्या दृष्टीने गिअरबॉक्सचे पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

हस्तचलित (मॅन्युअल) : क्लच पायाने व गिअर हाताने बदलला जातो. रचना साधी असून बहुतेक गॅरेजांत तो उघडून दुरुस्त करता येतो.

स्वयंचलित हस्तचलित (एएमटी) : आतील गिअरबॉक्स हस्तचलितच असतो, मात्र क्लच व गिअर यांची हालचाल संगणकाच्या आज्ञेनुसार ॲक्च्युएटर करतो. भारतात २०१४ साली आलेल्या मारुती सुझुकी सेलेरिओ या गाडीमुळे हा प्रकार सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला.

टॉर्क कन्व्हर्टरयुक्त स्वयंचलित : यात क्लचऐवजी द्रवाच्या माध्यमातून शक्ती पुढे जाते. ग्रहमालेसारखी रचना असलेली दातेरी चक्रे आणि तेलाच्या दाबाने चालणारी व्हॉल्व बॉडी हे त्याचे प्रमुख भाग होत.

सीव्हीटी : ठरावीक गिअर नसून दोन शंक्वाकार पुल्या व धातूचा पट्टा यांच्या साहाय्याने प्रमाण अखंडपणे बदलते.

दुहेरी क्लच (डीसीटी) : सम व विषम क्रमांकाच्या गिअरांसाठी स्वतंत्र क्लच असतात. त्यांचे नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक्स हा भाग विशेष महाग असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सरकत्या दातेरी चक्रांचा गिअरबॉक्स मोटारगाडीत रूढ करण्याचे श्रेय १८९० च्या दशकातील पनहार्ड व लेव्हासॉर या फ्रेंच कंपनीला दिले जाते. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश यंत्रणा आणल्यामुळे गिअर न खडखडता बदलणे सोपे झाले. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून बाजारात आला. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स लहान गाडीत बसविला. गाडी चालविणे जसजसे सुलभ होत गेले, तसतशी गिअरबॉक्सची आतील रचना अधिक गुंतागुंतीची व दुरुस्तीस खर्चिक होत गेली.

बिघाडाची लक्षणे व निदान

गिअर पडण्यास कठीण जाणे, पडलेला गिअर आपोआप सुटणे, चालताना गुणगुण किंवा खरखर ऐकू येणे, गाडीखाली तेलाचे डाग दिसणे, स्वयंचलित गाडीत गिअर बदलताना झटका बसणे किंवा लिव्हर पुढे ढकलल्यावरही गाडी हलण्यास विलंब लागणे, ही प्रमुख लक्षणे होत.

मात्र यांपैकी प्रत्येक लक्षणाचा अर्थ गिअरबॉक्स गेला असा होत नाही. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, हे बहुधा क्लच प्लेट झिजल्याचे चिन्ह असते. गिअर अडकणे हे केबल ताणल्यामुळे किंवा क्लचच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधून द्रव गळाल्यामुळेही घडते. एएमटी गाडीत क्लचची झीज किंवा ॲक्च्युएटरमधील दोष हे वारंवार आढळणारे कारण असून आतील दातेरी चक्रे बऱ्याचदा सुस्थितीत असतात. स्वयंचलित गाडीतील झटके कधी तेलाची पातळी कमी झाल्याने, तर कधी एखादा सोलेनॉइड किंवा सेन्सर बिघडल्याने बसतात.

यामुळे अचूक निदान हाच खर्चावरील सर्वांत मोठा अंकुश ठरतो. संगणकीय स्कॅनरवर दिसणारे दोषसंकेत, तेलाचा रंग व वास आणि तेल काढण्याच्या बोल्टवरील चुंबकाला चिकटलेला धातूचा कीस या तीन गोष्टींवरून बिघाड आतला आहे की बाहेरचा, याचा पुष्कळसा अंदाज येतो. बारीक राखाडी चूर्ण ही सर्वसाधारण झीज असते, तर धातूचे तुकडे किंवा दात मिळणे हे गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसल्याचे लक्षण होय. तेल दुधाळ झाले असल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजतात.

खर्चाचे घटक

सुटे भाग : लहान हस्तचलित गाडीत बेअरिंग, सिंक्रोनायझर रिंग व ऑइल सील बदलून भागत असल्यास भागांचा खर्च काही हजार रुपयांत राहतो. संपूर्ण नवा गिअरबॉक्स घेतल्यास तो अनेक पटींनी वाढतो. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी व दुहेरी क्लच या प्रकारांत संपूर्ण संच बदलण्याचा खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो. आयात केलेल्या आलिशान गाड्यांत तो आणखी अधिक असतो.

मजुरी : पुढच्या चाकांच्या गाडीत गिअरबॉक्स उतरविण्यासाठी इंजिनाला आधार द्यावा लागतो, ड्राइव्ह शाफ्ट, बॅटरीचा ट्रे, स्टार्टर, केबल आणि काही गाड्यांत खालची चौकटही काढावी लागते. क्लच प्लेट बदलण्यासाठीही हेच सर्व काम करावे लागते. म्हणून गिअरबॉक्स एकदा उतरविल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील तपासून, झिजलेले भाग त्याच वेळी बदलणे हितावह ठरते. तसे न केल्यास काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागण्याची शक्यता असते.

तेल व जुळणी : प्रत्येक गिअरबॉक्सला उत्पादकाने सांगितलेले विशिष्ट तेलच लागते. नवीन भाग बसविल्यानंतर एएमटी, डीसीटी व इतर स्वयंचलित प्रकारांत संगणकाद्वारे जुळणी करावी लागते. तिचे शुल्क अंदाजपत्रकात अनेकदा स्वतंत्र दाखविले जाते.

कर : सप्टेंबर २०२५ पूर्वी गिअरबॉक्स व त्याच्या भागांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर लागू झाला. मजुरीवरील दरही १८ टक्के आहे. उदाहरणादाखल, करपूर्व किंमत ६०,००० रुपये असलेला गिअरबॉक्स व १०,००० रुपये मजुरी असे गृहीत धरल्यास पूर्वीच्या दराने एकूण देयक ८८,६०० रुपये झाले असते. नव्या दराने ते ८२,६०० रुपये होते.

नवा, पुनर्निर्मित व जुना गिअरबॉक्स

उत्पादकाकडील नव्या गिअरबॉक्सची किंमत सर्वाधिक असते, परंतु त्यासोबत बहुधा हमी मिळते. पुनर्निर्मित गिअरबॉक्समध्ये कवच व सुस्थितीतील चक्रे कायम ठेवून झिजणारे भाग बदललेले असतात. त्याचा दर्जा काम करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो.

तिसरा मार्ग म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतील जुना गिअरबॉक्स. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट्टै व कोलकात्यातील मल्लिक बाजार हे परिसर अशा मालासाठी ओळखले जातात. कंपनीने उत्पादन थांबविलेल्या गाड्यांसाठी कित्येकदा हाच एकमेव मार्ग उरतो. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. तत्पूर्वी त्यांचे उत्पादन बंद होऊन दोन दशके लोटली होती, तरी जुन्या सुट्या भागांच्या बाजारावर त्या धावत राहिल्या.

जुना गिअरबॉक्स घेताना तो त्याच प्रतिरूपाचा, त्याच इंजिनाचा व त्याच गिअर प्रमाणांचा असल्याची खात्री करावी लागते; बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतून भिन्न असू शकतात. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन व चॅसी क्रमांक नोंदलेले असतात, गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. त्यामुळे इंजिन बदलताना लागणारी परिवहन कार्यालयाची नोंद त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बदलताना लागत नाही. तथापि चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणे हा गुन्हा असल्याने विक्रेत्याकडून पक्के बिल घेणे आवश्यक ठरते.

विमा व हमी

भारतातील सर्वसमावेशक मोटार विम्यात यांत्रिक बिघाड व सर्वसाधारण झीज यांची भरपाई मिळत नाही. अपघातात गिअरबॉक्सचे कवच फुटल्यास दावा करता येतो, परंतु धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीसाठी तो ४० टक्के, तर दहा वर्षांवरील गाडीसाठी ५० टक्के असतो. म्हणजे सहा वर्षांच्या गाडीतील ६०,००० रुपयांच्या गिअरबॉक्सपैकी, कर वगळता, २४,००० रुपये मालकालाच भरावे लागतात. शून्य घसारा हे पूरक कवच घेतलेले असल्यास ही कपात टळते.

पुराचे पाणी श्वासनलिकेतून किंवा सीलमधून आत शिरणे, तसेच खालून दगड लागल्याने तेल गळून गिअरबॉक्स जळणे, यांसाठी इंजिन व गिअरबॉक्स संरक्षण हे वेगळे पूरक कवच घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास नुकसान वाढते आणि दावा नाकारला जाण्याचा संभवही वाढतो.

सुट्या भागांची उपलब्धता व ग्राहकहक्क

अस्सल सुटे भाग व निदानाची उपकरणे अधिकृत सेवाकेंद्रांपुरतीच मर्यादित ठेवली गेल्यास स्वतंत्र गॅरेजांना काम करता येत नाही आणि ग्राहकाला दर ठरविण्याची संधी उरत नाही. या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध आदेश देऊन एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करून देण्यास सांगितले. या आदेशाला कंपन्यांनी वरच्या स्तरावर आव्हान दिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले.

अनावश्यक बदल किंवा सदोष दुरुस्ती झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लेखी अंदाजपत्रक, जॉब कार्ड, भागांचे क्रमांक नमूद असलेले बिल आणि काढलेले जुने भाग हा अशा तक्रारीतील मुख्य पुरावा असतो. म्हणून काम देतानाच जुने भाग परत मागितल्याची नोंद जॉब कार्डवर करून घेणे उपयुक्त ठरते.

दुरुस्ती, बदल की विक्री

निर्णय घेताना खर्चाची तुलना गाडीच्या मूळ किमतीशी न करता तिच्या सध्याच्या बाजारमूल्याशी, तसेच दुरुस्तीनंतर ती आणखी किती वर्षे वापरता येईल याच्याशी करणे योग्य ठरते. इंजिन, सांगाडा व निलंबन चांगले असलेल्या गाडीत मोठा खर्चही परवडू शकतो. गंजलेल्या व नोंदणीची मुदत संपत आलेल्या गाडीत लहान खर्चही वाया जातो. टॅक्सी किंवा मालवाहू वाहनाच्या बाबतीत गाडी उभी राहिल्याने बुडणारे उत्पन्न व चालू असलेला कर्जाचा हप्ता हेही हिशेबात धरावे लागतात. तेथे स्वस्त पण महिनाभर लांबणारी दुरुस्ती प्रत्यक्षात महाग पडू शकते.

प्रतिबंधक देखभाल

ठरलेल्या मुदतीत तेल बदलणे हा गिअरबॉक्सचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. लहान हस्तचलित गाडीत सुमारे दोन लिटर तेल लागते. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, क्लचच्या पेडलवर सतत पाय ठेवणे आणि गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी रिव्हर्स गिअर टाकणे या सवयींमुळे झीज वाढते. सीव्हीटीमध्ये भलतेच तेल भरल्यास पट्टा व पुल्या खराब होतात. बंद पडलेली स्वयंचलित गाडी शक्ती मिळणारी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास, इंजिन बंद असल्यामुळे तेलाचा पंप फिरत नाही व आतील भाग कोरडे घासतात. म्हणून अशी गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवरूनच न्यावी लागते.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्यांत एकच स्थिर प्रमाण असलेला गिअर असतो; त्यांत क्लच नसतो व गिअर बदलण्याची यंत्रणाही नसते. त्यामुळे या गाड्यांत गिअरबॉक्सच्या खर्चाचा प्रश्न बराच सौम्य होतो आणि मोठ्या खर्चाचे स्थान बॅटरीकडे जाते.