वळूच्या रक्तांतील गुप्त दोष

जमिनीचा सातबारा पाहिल्यावांचून आपण इसार देत नाहीं. मग गाय फळवितांना वळूची चौकशी कां नसावी? होल्स्टिन जातींत ‘ब्लॅड’ नांवाचा आनुवंशिक दोष आहे. त्यामुळें रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं झुंजूं शकत नाहींत व वासरूं बहुधा लहानपणींच दगावतें. अमेरिकेंतील ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो या नामांकित वळूच्या वंशांतून तो देशोदेशीं पसरला. दोषवाहक वळू धडधाकट दिसतो. परंतु गायही वाहक असल्यास चारांत एक वासरूं रोगी निपजण्याचा संभव असतो. १९९२ सालीं दोषाचें मूळ सांपडलें. तेव्हांपासून रक्तपरीक्षेनें वाहक ओळखतां येतो. सबब लासुर्णे भागांतील संकरित गाईंच्या मालकांनीं तपासलेल्या वळूचेंच रेत घ्यावें व कांडीवरील वळूचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.